नकाशावरची तीन झाडं

मंगळवार, ९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. आमंत्रण, नकाशा आणि माझ्या पोटाचा अंदाज चुकलेली ती पिवळी जर्सी, सगळं पोचलं. येत्या रविवारी तुझ्या सायकल-सहलींच्या मार्गाचं उद्घाटन आणि भाषण मामाचं. विषयही तूच ठरवलास, ‘सायकल आणि गाव’. इकडे थंडी बरी पडली आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. बाकी सगळं ठीक.

तू म्हणाली होतीस, ‘मामा, बोलायच्या आधी एकदा मार्गावरून जाऊन ये, म्हणजे भाषणाला रंग चढेल.’ म्हणून परवा तुझ्या चाचणी-फेरीत शेवटच्या रांगेत मीही होतो. रंग चढला, पण तुला हवा तो नाही. मला शिसारी आली आहे. आणि शिसारी गिळून गोड बोलायची कला मी इतक्या सभा गाजवूनही शिकलो नाही, हे तुला ठाऊक आहे.

आधी चांगलं सांगतो. मार्ग तू फार सुरेख आखला आहेस. चढ संपतो तिथेच सावली येते. उतारावर आंधळं वळण नाही. माळ ओलांडून एकेक गाव असं समोर येतं की पाय आपोआप मंदावतात. सायकलवरून ज्याला देश वाचता येतो त्यालाच हे जमतं, आणि ते वाचन तुला मीच शिकवलं, म्हणून थोडी कॉलर ताठ केली. ती फार वेळ टिकली नाही.

माझ्या शेजारी एक दाताचे डॉक्टर होते. गाव लागलं की म्हणायचे, ‘काय शांतता आहे हो. इथेच राहावंसं वाटतं.’ दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्या गावात म्हणालो, ‘राहा की. इथे दाताला डॉक्टर नाही.’ त्यानंतर त्यांचा वेग वाढला.

तुझा तो पुढे चालणारा शिट्टीवाला. रस्त्यात एक बाई चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. याने शिट्टी फुंकली. ती भाऱ्यासकट रस्त्याखाली उतरली, खड्ड्यात. भारा टेकवून तिने मान मोकळी केली, तोच आपली एक सायकलस्वार थांबली आणि गोड आवाजात म्हणाली, ‘जरा परत डोक्यावर घेता का? फोटो छान येईल.’ बाईने तो ओझ्याचा डोंगर पुन्हा उचलला. फोटो छानच आला. सगळ्यांनी पाहिला, मलाही दाखवला. ज्या रस्त्याने तिची आयुष्यभराची ये-जा, त्या रस्त्यावर ती अडथळा, आणि आपण, जे तासाभरात निघून जाणार, आपण वाटसरू. ही कसली सहल? ही तर दुसऱ्याच्या घराच्या खिडकीला नाक लावून उभं राहणं झालं.

एवढ्यावर मी तुला चार कठोर वाक्यं लिहून मोकळा झालो असतो. पण मग फाटा आला.

सरळ जाणारा रस्ता रुंद, सपाट, पुढे नदीकडे हळूच उतरणारा. तुझा पिवळा बाण मात्र डावीकडे, टेकडीला वळसा घालून, छातीवर येणाऱ्या चढाकडे. सगळ्यांनी बाण काढणाऱ्याचा उद्धार केला. मी शिट्टीवाल्याला विचारलं, ‘सरळ का नाही जायचं?’

‘सरळ काही नाही, काका.’

‘काही नाही म्हणजे?’

‘म्हणजे बघण्यासारखं काही नाही.’ आणि त्याने नकाशा उघडून मला दाखवला.

भिंगरे, तिथे तू तीन झाडं काढली आहेस. हिरवीगार, गोल डोक्याची, पोरं काढतात तशी. आख्खं गाव, शाळा, पाण्याची टाकी, खडीची खाण, रात्रंदिवस धूळ ओकणारा तो क्रशर, सगळ्यावर तीन झाडं. त्या गावात आता झाड म्हणावं असं शाळेमागचं एकच उरलंय, आणि त्याची पानं राखेच्या रंगाची आहेत. मग मी पुढच्या स्वारांच्या पाठींकडे पाहिलं. प्रत्येक जर्सीवर खाणमालकाचं नाव. माझ्याही पाठीवर तेच. ज्याने गाव धुळीने झाकलं, त्यानेच ते दुसऱ्यांदा रंगाने झाकायचा खर्च उचलला, आणि कुंचला धरायला माझी भाची.

संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, ‘मामा, लोक धूळ खायला पैसे देत नाहीत.’ वाक्य चांगलं आहे. सभेत टाळी घेईल. मी काल दिवसभर ते तोंडात घोळवलं आणि शेवटी थुंकून टाकलं.

फोनवर मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. ती या पत्रातही सांगायची नव्हती, म्हणून तर दाताच्या डॉक्टरांवर एवढी शाई घातली. फाट्यावर मी डावीकडे वळलो नाही. सरळ गेलो.

तुझी आई ओट्यावर शिवणयंत्राशी बसली होती. सायकलची घंटी ऐकून उठली, आणि माझ्याकडे न बघता माझ्यामागे रस्त्याकडे बघत राहिली.

‘एकटाच? बाकीचे मागे राहिले का रे?’

‘कोण बाकीचे, ताई?’

‘अरे, आजची फेरी ना? मास्तर सांगत होते. म्हटलं, रविवारी मोठी माणसं येणार, आज निदान सराव तरी होईल.’

ओट्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाण्याच्या घागरींवर ओली फडकी. खुर्च्या ती सकाळी पुसते, दुपारी पुन्हा पुसते, तरी बोट फिरवलं की रेघ उठते. मग तिने आतून एक डबा आणला. घाम पुसायला मऊ कापडाचे रुमाल शिवलेत तिने, कडेला निळा दोरा, आणि प्रत्येक रुमाल वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, धूळ बसू नये म्हणून.

मी म्हणालो, ‘ताई, मार्ग इथूनच आहे हे तुला कुणी सांगितलं?’

ती हसली. ‘सांगायला कशाला हवं? भिंगरीचा मार्ग ना? याच उतारावर गुडघे फोडून शिकली ती. दुसरा रस्ता तिला माहीत तरी आहे का?’ आणि वर मलाच दम दिला, ‘तू आटोपतं बोल. माणसं दमलेली असतील, त्यांना तावडीत धरू नकोस.’

तिच्या प्रकृतीबद्दल काही लिहायचं नाही, असं तिने बजावलं आहे. मी लिहीत नाही. यंत्राबद्दल लिहितो. खोकला आला की ती पायडल जोरात मारते, म्हणजे तो ऐकू जाऊ नये. मी बसलो होतो तेवढ्यात ते यंत्र कितीतरी वेळा धडधडलं. सुईखाली कापड नव्हतं.

याच ओट्यावरून उतरताना तू तिला म्हणाली होतीस, ‘हे गाव सोडशील तेव्हाच मला तोंड दाखव.’ त्या भांडणात मी तुझ्या बाजूचा होतो आणि अजूनही आहे. तिने तिथून निघायलाच हवं. छातीचे डॉक्टर काय म्हणाले ते कळल्यावर तर आजच्या आज. पण आईला हलवण्यासाठी तिच्यावर रुसणं वेगळं, आणि तिच्यावर झाडं काढणं वेगळं. पहिल्याला मी माया म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणतात ते माझ्या तोंडून काढून घेऊ नकोस.

निघताना तिने विचारलं, ‘रविवारी साधारण किती वाजता पोचतील रे इथे?’

हजारोंच्या सभेत मला कधी शब्द अडला नाही. तिथे मात्र चाकातली हवा बघायचं निमित्त करून मी खाली वाकलो आणि तसाच निघालो.

तर रविवारी तुझ्या व्यासपीठावर मी नाही. माझ्या खुर्चीवर खाणमालकाला बसव, त्याचाच माल आहे. जर्सी परत पाठवतो आहे. मी सकाळपासून ताईच्या ओट्यावर असेन. कुणी आलं तर तिथे बोलेन, आणि आटोपतं बोलेन. कुणीच आलं नाही, तर त्या खुर्च्यांमध्ये बसून ताईला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

फाट्यावरच्या बाणाला मी हात लावलेला नाही. हात शिवशिवत होते, पण मी वळवला तर ती माझी चळवळ होईल, आणि चळवळी मी पुष्कळ केल्या. पिवळ्या रंगाचा एक डबा आणि कुंचला मात्र आज ताईकडे नेऊन ठेवला, रुमालांच्या डब्याशेजारी. ती म्हणाली, ‘हा कशाला आणलास?’ मी म्हणालो, ‘भिंगरी घेईल तो तुझ्याकडून, रविवारच्या आत.’

आजपासून तो डबाही ती रोज पुसणार आहे.

सायकलच्या नळीवर बसवून तुला पहिल्यांदा याच सरळ रस्त्याने नेणारा,
तुझा मामा