सगळ्या गाड्या एकदम

रविवार, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे, तुम्हीही मजेत असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मी मजेत-बिजेत काही नाही, आणि तुझंही मला ठाऊक आहे.

फोन तू उचलत नाहीस. परवा दारापर्यंत आले तर आतून कडी घातलीस आणि वर रेडिओ मोठा केलास. अगं, रेडिओवर हवामानाचा अंदाज चालला होता! तुला कधीपासून हवामानात एवढा रस? शेवटी म्हटलं, पत्र टाकावं. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि एकदा हातात घेतलंस की तू वाचल्याशिवाय राहायची नाहीस. लहानपणी माझी एकतरी चिठ्ठी सोडलीस का वाचायची?

इकडची खबरबात म्हणजे आमच्या गल्लीत पुन्हा खणलंय. पाणीवाल्यांनी खणलं, रस्तेवाल्यांनी बुजवलं, मग पाणीवाल्यांना आठवलं की आत पाइप टाकायचा राहिलाच. आता दोघेही म्हणतात, बुजवायचं काम दुसऱ्याचं. मी फळीवरून तोल सावरत ऑफिसला जाते. समोरच्या मास्तरीणबाई मला रोज ऐकवतात, "सरकारी माणूस ना तुम्ही, सांगा की त्यांना." मी वाहनवाली, बाई, रस्तेवाली नाही, असं किती वेळा सांगू? लोकांना आपण सगळे एकाच टेबलाशी बसलोय असं वाटतं.

गुडघा बरा आहे. कुंडीतलं ते तुझं झाड मेलं. मी पाणी घालत होते गं, खरंच. जास्तच घातलं असावं.

थांब, दूध उतू गेलं.

आता पेपरातल्या त्या फोटोबद्दल. फोटो मी काढवून घेतला नव्हता. मी बस डेपोच्या आवारात उभी होते, कुणीतरी मोबाइल पुढे केला, आणि दुसऱ्या दिवशी "धडाडीच्या निरीक्षक" म्हणून मी छापून आले. तोंड तर असं आलंय की चोर मीच वाटावं. तू तो पेपर डबे पुसायला घेतलास असं कानावर आलं. घे. पण बढतीसाठी मी भाऊजींचा बळी दिला असं तू खालच्या मजल्यावरच्या काकूंना म्हणालीस, ते मात्र फार लागलं. खूप रडले मी. आणि रागही आला, तो अजून गेलेला नाही.

बढती नाहीये. साहेबांनी उलट बोलावून झापलं, की सख्ख्या मेव्हण्याच्या डेपोत तुम्ही गेलातच कशाला? जायच्या आधी मी त्यांना नातं सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले होते, नात्याचं काय घेऊन बसलात, जा.

आमची तपासणी कशी चालते ते तुला कधी सांगितलंच नाही. वर्षातून एकदा आम्ही डेपोत जातो. एक गाडी येते, आम्ही ब्रेक बघतो, दिवे बघतो, टायर बघतो, पास करतो. मग दुसरी. एका वेळी एकच गाडी, वर्षानुवर्षं हीच पद्धत. दोन गाड्यांच्या मध्ये चहा येतो, खायला येतं, मॅनेजर स्वतः खुर्ची पुसून देतात. आम्हाला वाटायचं आमची सरबराई चाललीय. खरं म्हणजे मागच्या शेडमध्ये तेवढ्या वेळात पास झालेल्या गाडीची चाकं काढून पुढच्या गाडीला बसवली जात होती.

हो. अख्ख्या डेपोत धड टायरांचा एकच संच होता. लग्नाला निघालेल्या बायकांनी एकच हार आळीपाळीने घालावा तसा तो गाडीगाडीला घालायचे. तपासणी झाली की गाड्या परत आपल्या गुळगुळीत टायरांवर रस्त्यावर, आणि आत तू, मी, शाळेची पोरं, सगळे.

ही युक्ती भाऊजींची. चिडू नकोस, पुढे वाच. वर्कशॉपचे मुख्य म्हणून ते वरच्या ऑफिसकडे टायर मागून मागून थकले. वरून उत्तर एकच, पुढच्या वेळी बघू. गाडी नापास झाली तर फेरी बंद, लोक रस्त्यावर ताटकळत, आणि मॅनेजर ह्यांच्या डोक्यावर. मग ह्यांनी आपलं डोकं चालवलं. वरच्यांना माहीत होतं का? टायर पाठवत नाहीत आणि गाड्या तर पास होतात, ह्याचा अर्थ न कळायला ते काय दूधखुळे आहेत?

त्या दिवशी पहिली गाडी पास केली. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि मॅनेजरना म्हटलं, "आता बाकीच्या सगळ्या गाड्या एकदम बाहेर आणा."

"एकदम म्हणजे?"

"एका रांगेत. आपापल्या चाकांवर."

मॅनेजरांचा चेहरा पडला. मेकॅनिक मुंडी वळवून भाऊजींकडे बघायला लागले. भाऊजी फडक्याला हात पुसत होते, पुसतच राहिले. मग म्हणाले, "बाईंनी सांगितलंय ना? आणा."

आल्या. काहींच्या टायरांतून तारा दिसत होत्या. दोन तर आल्याच नाहीत, त्या शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर बिनचाकाच्या उभ्या होत्या. सगळ्या नापास केल्या मी. निघताना तो गोरा मेकॅनिक, तुझ्याकडे हक्काने जेवायला येतो तो, माझ्यासमोर येऊन म्हणाला, "घरभेदी." एवढंच. भाऊजींनी ऐकलं आणि मान वळवली. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवल्याचा हुकूम आला आणि तू माझा फोन घेणं बंद केलंस.


दुपार

उठून सगळी भांडी घासून काढली. स्वच्छ होती ती पण घासली. बसवतच नाही एका जागी. खिडकीपाशी जाते, परत येते, पेन उचलते.

लिहूनच टाकते. मी शब्द दिलाय, तो आता मोडतेय.

त्या लंबू ड्रायव्हरला तू ओळखतेस. तुझा फ्रिज जिन्यावरून ज्याने एकट्याने वर चढवला तो. पाण्याच्या टाकीपाशी वळणावर त्याची गाडी घसरून भिंतीला धडकली होती, एका बाईचा हात मोडला. चौकशी आमच्याच ऑफिसने केली आणि लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा. गाडी गेल्याच तपासणीत पास झालेली होती ना, मग गाडीत दोष कसा असेल? त्याचं लायसन्स अडकलं, तो घरी बसला. कुणाकुणाला सांगत फिरायचा, ब्रेक मारला तरी गाडी थांबली नाही हो. सगळे म्हणायचे, पिऊन असेल.

त्यानंतर भाऊजी जेवेनासे झाले. तू त्यांना पित्ताच्या गोळ्या देत होतीस. ताई, ते पित्त नव्हतं.

मी तुमच्याकडे आले होते आणि तू खाली औषधाच्या दुकानात गेली होतीस, तेव्हाची गोष्ट. भाऊजी गॅलरीत तुझी इस्त्री खोलून बसले होते. मी आपली चेष्टा केली, "पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतेय हं तपासणीला. गाड्या चकाचक ठेवा."

ते म्हणाले, "तुम्ही लोक एकेक गाडी का बघता?"

"तशीच पद्धत आहे."

"सगळ्या एकदम मागा की कधीतरी."

मी हसले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "हसू नकोस," म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं, चाकांचं, चहाचं, लंबूच्या गाडीचं. बोलताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी म्हटलं, असंच लिहून द्या, सही करा, मी स्वतः नेऊन देते. तर म्हणाले, "माझ्या हाताखालच्या माणसांनी मी सांगितलं म्हणून चाकं बदलली. आता मीच जाऊन बोललो तर मी त्यांना विकलं असं होईल. तू पकडलंस तर आम्ही सगळे एकदम पकडले जाऊ. तेवढं कर माझ्यासाठी." आणि वर, "तुझ्या ताईला कळता कामा नये. मी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला हे तिला सहन होणार नाही. तिला तुझा राग आला तर येऊ दे. बहिणी-बहिणी आहात, आठ दिवसांत एक व्हाल."

टायर किती टिकेल हे त्यांना बरोबर कळतं. बायकोचा राग किती टिकेल ते मात्र अजिबात कळत नाही.

तेवढ्यात तू जिन्यावरून हाक मारलीस. मी हो म्हटलं. घाईत म्हटलं का? नाही. मला ते पटलं होतं, आणि त्यांची दयाही आली होती.

आता गुरुवारी मोठी चौकशी आहे. वरून अधिकारी येणार. मला विचारणार आहेत की आजवर कुणी सगळ्या गाड्या एकदम मागितल्या नाहीत, तुम्हालाच हे कसं सुचलं? शुक्रवारी भाऊजी ऑफिसच्या फाटकाशी उभे होते. किती वाळलेत गं. म्हणाले, "सांग, मला शंका आली. बाकी एक अक्षर बोललीस तर मला मेव्हणी नाही असं समजेन." एवढं बोलून चालायला लागले. चहाला चला म्हटलं तर मागे वळूनही बघितलं नाही.

तेव्हापासून माझं डोकं भणभणतंय. रोज वेगळं ठरवते. मला शंका आली, असं सांगितलं तर काम सोपं आहे. वर्कशॉपचा मुख्य दोषी, बडतर्फ, विषय संपला. एक माणूस हाती लागला की बाकीचे कसे निवांत होतात ते मी रोज बघते ऑफिसात. टायर का आले नाहीत हे कुणी विचारणार नाही. इतक्या वर्षांच्या निरीक्षकांनी काय बघितलं हेही नाही. लंबू घरातच कुजेल. भाऊजींना वाटलं होतं सगळे एकदम पकडले जातील. प्रत्यक्षात फक्त तेच पकडले जातायत.

आणि खरं सांगितलं, की ह्या माणसाने स्वतः मला बोलावलं, तर त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल, कागदावर घ्यावं लागेल, त्यांची जुनी मागणीपत्रं बाहेर येतील. नोकरी कदाचित वाचेल. पण ज्या शेडमध्ये त्यांनी उभं आयुष्य घालवलं तिथे कुणी त्यांच्याशी धड बोलणार नाही. मेकॅनिक मला म्हणाला तोच शब्द, घरभेदी, त्यांना ऐकावा लागेल. त्यांना नोकरीपेक्षा ह्याचीच भीती जास्त आहे, हे मला चांगलं कळतं.

तुला विचारून ठरवावं असं मनात होतं. पण विचारलं तर तू काहीही म्हणालीस तरी उद्या तेही तुझ्याच माथी. म्हणून विचारत नाहीये, कळवतेय. गुरुवारी मी खरं सांगणार आहे.

तू त्यांच्यावर ओरडू नकोस. का सांगितलं नाहीत म्हणून धारेवर धरू नकोस. आधी जेवायला घाल, मग काय ते बोला. आणि हे पत्र त्यांना गुरुवारच्या आधी दाखवू नकोस, ते मला थांबवायला येतील आणि मी थांबेन.

ताई, गुरुवारनंतर ते माझ्याशी बोलणार नाहीत. एकदा नाही म्हणाले की नाहीच, तुझ्यासारखं नाही त्यांचं, कडी काढणार नाहीत ते. तेव्हा मी तुमच्या घरी येईन ती फक्त तुझ्यासाठी. निदान तू तरी दार उघड गं.

तुझी, तू म्हणशील तोवर,
धाकटी