दोन सीटांच्या गाडीची थरथर

बाबा,

मी कामावर निघालेय. तुमच्या म्हाताऱ्या स्पोर्ट्स कारची मागची थरथर कशानं, ते सापडलं. आता तिच्याखाली शिरून पाठ मोडून घेऊ नका. टायर, मागची चाकं फिरवणारा शाफ्ट, बेअरिंग सगळं ठणठणीत आहे.

मागच्या स्प्रिंगांची उंची तुम्ही आईला शेजारी बसवून लावली होती. ती गेल्यापासून गाडीत तुम्ही एकटेच, म्हणून मागची बाजू वर राहते, शाफ्ट तिरका फिरतो आणि गाडी थरथरते. काल आईच्या सीटवर वाळूचं पोतं ठेवलं, तर गाडी शहाण्यासारखी चालली. पोतं लगेच उतरवलं, तुम्हाला दिसायला नको.

एकट्यापुरती उंची लावून देईन, पण तुम्ही म्हणाल तेव्हाच. तोवर फेरी मारायची तर मी आल्यावर जाऊ. शेजारी मी बसेन. माझं वजन आईएवढं नाही. थोडी थरथर राहीलच.