परीट आला का गं?

आई, तुला मी एकदा चुकीचं उत्तर दिलं होतं. बारा वर्षं झाली. ते दुरुस्त करायला बसले आहे.

नवरात्र नुकतं संपलं होतं. तू मधल्या खोलीत पडून होतीस. त्या खोलीची खिडकी शेजारच्यांच्या भिंतीकडे उघडते, अंगण तिथून दिसत नाही. सकाळच्या हवेत पहिल्यांदाच जरा गारवा आला होता. मी तुझे केस विंचरत होते. तू विचारलंस, "परीट आला का गं?"

मला कॉलेजला जायची घाई. "आई, आता कुठला परीट? मीच बंद केला ना त्याला. मशीन आहे आपल्याकडे."

"तू बंद केलास?"

"दोन वर्षं झाली. विसरलीस का?"

तू माझ्याकडे नीट बघितलंस. "परिटाला बंद करायला लागलीस," तू म्हणालीस, "बरीच मोठी झालीस की." आणि हसलीस. बोलणं मधूनच भरकटेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, हे तेच. कंगव्यातला गुंता काढला आणि निघाले. थंडी पुरती पडायच्या आत तू गेलीस. तो प्रश्न तू पुन्हा विचारला नाहीस.

मशीन मी फ्रीगंजच्या बाजारातून आणलं होतं, तुझे गुडघे दुखायचे म्हणून. त्याआधी चादरी आणि पडदे धोब्याकडे जायचे, बाकी सगळं तू मागच्या अंगणातल्या दगडावर धुवायचीस. त्या माणसाला सगळी गल्ली धोबी म्हणायची, मीही. परीट हा शब्द तुझा एकटीचा, कृष्णाकाठच्या तुझ्या माहेरचा. तू तो उच्चारलास की मी मनात त्याचा धोबी करून घ्यायचे. तुझ्या पुष्कळ शब्दांचं मी असं केलं.

दगड मला अजून तसाच दिसतो. मार्गशीर्षातली सकाळ आहे. धुक्यातून नानाखेड्याच्या स्टँडवरच्या बसचा हॉर्न येतो, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. तुझं धुणं झालं आहे, पण तू आत येत नाहीस. रिकामी बादली हातात धरून दाराशी उभी आहेस. पदर ओला आहे. मी जिन्यावर पुस्तक घेऊन बसले आहे. तू मान न वळवता हलकेच हाक मारतेस, "ये गं, लवकर. आवाज करू नको." मी "आले" म्हणते आणि पान संपवते. मी येते तेव्हा अंगणात ओला दगड आहे आणि त्यावर ऊन. "काय होतं?" मी विचारते. "होतं," तू म्हणतेस. "पुस्तकातलं सगळं दिसतं तुला. दारातलं दिसत नाही." मग तू चहा ठेवतेस. त्या बोलण्याचा मला दिवसभर राग येत राहतो, आणि काय होतं ते विचारायचं राहून जातं.

या दिवाळीनंतर मावशी राहायला आली. तुझ्या पाठची म्हणून तिला मी जास्तच जपते. सकाळी ती अंगणात खुर्ची टाकून चहा घेते. आठवडाभर मागचा नळ गळत होता आणि दगड कितीतरी वर्षांनी ओला झाला होता. मी भाजी निवडत होते. मावशी एकदम म्हणाली, "अगं बाई, परीट आला की!"

मी फाटकाकडे बघितलं.

"तिकडे काय बघतेस?"

"मावशी, आपल्याकडे धोबी येत नाही आता."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "मास्तरीण ना गं तू? तो बघ, दगडावर. शेपटी कशी आपटतोय, धुणं आपटल्यासारखी. म्हणून परीट. तुझी आई लहानपणी त्याला आमचे परकर धुवायला द्यायची, नुसतं तोंडाने. घे रे, नीट पीळ म्हणायची!"

करडा, पांढरा, गळ्याशी काळा. चिमणीपेक्षा सडपातळ. दगडाच्या काठावरून तो तुरुतुरु चालत होता, थांबत होता, आणि थांबला की शेपटी खालीवर होत होती. मग उडाला, हवेत लाटा काढत, आणि शेजारच्या भिंतीपलीकडे गेला. त्याच भिंतीपलीकडे, जी तुला पडल्या पडल्या दिसायची. मी पुढे भाजी निवडली नाही. मावशीने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

ती गेल्यावर स्वयंपाकघरातले डबे खाली काढले. जुन्या कॅलेंडरची पानं तू फळ्यांवर अंथरायचीस, ती तशीच आहेत. दुधाच्या खाड्यांमधे तुझं बारीक अक्षर. वैशाखात 'तांबट, दिवसभर.' श्रावणात 'शिंपी वांग्याच्या वाफ्यात.' 'कोतवाल कावळ्याच्या मागे.' आणि पौषात, चातुर्मासात कांद्यालासुद्धा न शिवणाऱ्या आपल्या घरात, 'खाटीक, तारेवर.' ही पानं मी कितीदा पुसली असतील. डोळ्यांखालून गेलीच असतील. घरी कोण कामाला येतं-जातं त्याच्या नोंदी, असंच वाटलं असणार. सगळे पक्षी होते. अख्खा बाजार तुझ्या अंगणात भरत होता आणि तू एकटी त्यात हिंडत होतीस. दर वर्षी आश्विनात 'परीट आला.' चैत्रात 'परीट गेला.'

तीस वर्षं मी कॉलेजात हिंदी शिकवलं. नायिकेचे डोळे खंजनासारखे असतात हे फळ्यावर लिहिलं, पोरांनी उतरवून घेतलं. खंजन कसा असतो हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. परवा शब्दकोश उघडला. खंजन म्हणजे परीट.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मशीनचं पाणी पाइपातून सरळ गटारात जातं. दगड कोरडा पडला. ओलीवर चिलटं येतात आणि चिलटांसाठी परीट. तू तर त्या दोन वर्षांत आधी काठी धरून, मग खाटेवर, अंगणापर्यंत पोचायचीस कुठे. म्हणजे "मीच बंद केला" हे उत्तर खरंच होतं. तुला ते ऐकताक्षणी कळलं असेल. तू हसलीस ते म्हणून. मी दुरुस्त करायला बसले होते ते असं निघालं.

नळ दुरुस्त झाला आहे. मी आता रोज सकाळी दगडावर बादलीभर पाणी ओतते. कामवाली म्हणते, "दीदी, घर में ही महाकाल बैठा लिए क्या?" मी म्हणते, हो. ती बादली भरून देते. तो रोज येत नाही. आला तर ऊन दगडावर यायच्या सुमाराला येतो, आणि मी तुझ्यासारखी दाराशी उभी राहते. काही करत नाही.

तू गेलीस त्या वर्षाचं आश्विनाचं पानही सापडलं. दूध, सिलेंडर, तुझ्या गोळ्या, सगळं माझ्या अक्षरात. काल त्यात एका चौकटीत पेन्सिलीने 'परीट आला' लिहिलं. तुझ्यासारखा 'प' साधायला दोनदा खोडावं लागलं. हे पत्र घडी करून त्याच पानाखाली ठेवते आहे, वर डाळीचा डबा.

तो त्या वर्षी आला होता की नाही, मला माहीत नाही. मी अंगणात गेलेच नव्हते.