वरच्या दांडीवरचा पास्ता

प्रिय ताई,

आठवतं, शाळेचे गणवेश वाळले नाहीत की आपण दोघी दोरीखाली उभ्या राहून फुंकर घालायचो? काल पास्ता वाळत घालताना आठवलं आणि एकटीच हसले.

मी बरी आहे. गुडघाही आता ऐकतो. वहिनीची कंबर कशी आहे?

ह्यांनी पास्ता वाळवायला बनवलेला लाकडी स्टँड अजून भक्कम आहे. माझ्या पट्ट्या मात्र जाडच होतात. "दोरखंड वळलेस की काय!" म्हणून चिडवायचे.

ते गेल्यापासून मी एकटीच करते. तरी हल्ली सकाळी वरच्या दांडीवर त्यांच्यासारख्या बारीक पट्ट्या दिसतात. भीती वाटत नाही गं. पण तू इतकं बोलावतेस, तरी घर सोडवत नाही.

सोबतचा जाड पास्ता तू आणि वहिनी वाटून घ्या. बारीक मात्र मागू नका. तो पास्ता ते माझ्यापुरताच करतात.

तुझीच,
बेबी