भोंग्याचा टॅब

३ तारीख, मंगळवार

नवऱ्याच्या घशात कॅन्सरची गाठ, आवाजाची पेटी काढणार. सतराला. डॉक्टर असा बोलला, जसं काही अक्कलदाढ उपटायचीय! श्वास गळ्याच्या भोकातून घ्यायचा. जेवता येईल. बोलता येणार नाही — कधीच.

"कधीच म्हणजे?" मी विचारलं.

"कधीच म्हणजे कधीच, बाई."

बरं.

भोंगा खाली मान घालून बसलेला. भोंगा म्हणजे माझा नवरा. आमच्या गिरणीच्या मागखात्यात सगळे त्याला हेच म्हणतात. एवढे माग खडखडतात, पण ह्याची हाक या टोकाची त्या टोकाला जाते. ह्या एकट्याचीच. बाकी आम्ही सगळे तिथे ओठ आणि हात हलवून बोलतो. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, इथे भोंगा. ही वही कोण वाचतंय!

४ तारीख

दवाखान्यात एक आवाजवाल्या मॅडम आहेत. पेटी काढलेल्यांना बोलायच्या वाटा शिकवतात. म्हणाल्या, टॅब घ्या. फोनचाच थोरला भाऊ. ह्यांचा आवाज आहे तोवर रोजची वाक्यं त्यात भरून ठेवा. नंतर पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलेल — ह्यांच्याच आवाजात.

भोंगा म्हणाला, "जिवंत माणसाचं ऐकत नाही ही. डब्याचं काय ऐकणार!"

मॅडम हसल्या. मला नाही आलं हसू.

घरी लेक म्हणाली, "आई, घेऊया. धुण्याच्या मशीनचे ठेवलेत ना?" ठेवलेत. त्यात बसेल तोच घ्यायचा, वर एक पै नाही. धुवायला माझे हात आहेत.

६ तारीख, शुक्रवार

काचेचं दुकान. गळ्यात टाय बांधलेला विक्रेता, केस पांढरे झालेत तरी टाय. "मॅडम, वापर काय होणार? सिनेमा? अभ्यास?"

"बोलायला."

"म्हणजे सिमकार्डवाला?"

"नाही. नवरा मुका होणारे."

त्याने टाय सारखा केला. मग लगेच कॅमेऱ्यावर आला! पुढचा असा, मागचा तसा. मी म्हटलं, मला काय लग्नाचे फोटो काढायचेत?

सगळ्यात महागाबरोबर पेन येतं. हातात घेतला, किंमत वाचली, ठेवला. सगळ्यात स्वस्त तळहाताएवढा. तो भोंग्याच्या कामाचा नाही — उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं मागाच्या धोट्याने नेलीत, उरलेली बोटं जाडजूड. एक चित्र दाबायला जाईल, तीन दाबली जातील. "दुखतंय" म्हणायचं आणि टॅब सांगणार "दिवा लाव"!

म्हणजे पडदा मोठा हवा. सिम नको, घरात फोन आहे. लेक म्हणाली, जागा सिनेमाला लागते, बोलण्याला फार लागत नाही. बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे, माणूस संध्याकाळी मुका होऊन कसं चालेल? एवढं सगळं चाळून मधला एक उरला. "आवाज?" मी विचारलं. टायवाल्याने गाणं लावलं. खणखणीत. घेतला. दहा दिवसांत बदलून मिळतो म्हणाला.

८ तारीख

लेक आणि भोंगा खोलीचं दार लावून भरायला बसलेत. मला आत मज्जाव. "तू मधे मधे बोलतेस," म्हणे.

१० तारीख

मॅडमनी वाक्यांचा कागद दिला होता. पाणी द्या, कूस बदला, डॉक्टरांना बोलवा. भोंग्याने तो बाजूला सारला. "असं कोण बोलतं घरात?" स्वतःचीच वाक्यं भरतोय. मुकादमाला द्यायच्या शिव्या, लहान-मोठ्या. "चहात साखर विसरलीस." "झोप आता, बास झालं." आणि मला मारतो ती हाक — "अगं ए तिखट!" लेक सांगत होती, ती हाक चारदा भरली. मनासारखी लागेना.

घोट घेताना तोंड वेडंवाकडं करतो. मी बघितलं की सरळ करतो.

१३ तारीख

भरून झालं. शेवटी शेवटी आवाज चिरकत होता. रात्रीच्या भांड्यांच्या वेळी लेकीने टॅब ओट्यावर आणून ठेवला. "ऐक आई." मी नळ सोडलेला, वर पंखा. तिने एकामागून एक चित्रं दाबली. माझ्या कानात मुंगी चालल्यासारखं काहीतरी. बस. शब्द एक नाही.

मी म्हटलं, छान आहे.

माझे कान मागांनी खाल्लेत. मी कुणाला कबूल करत नाही. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून ओरडते. भोंग्याचं तेवढं पुरतं ऐकू येतं. म्हणून तर बावीस वर्षं भांडता आलं!

दुकानातल्या शांततेत सगळेच खणखणीत वाजतात. तिथेच फसले. उद्या मी मोरीत आणि तो पलंगावर गुदमरतोय, बटण दाबतोय — आणि मला पत्ता नाही. नाही चालणार.

१६ तारीख, सोमवार

सकाळी भोंग्याला भरती केलं. दुपारी टॅब पिशवीत घालून दुकानात. बदलून मिळायचा आजचा शेवटचा दिवस. लेकीला नाही सांगितलं. कानांचं कारण सांगावं लागलं असतं.

ह्या वेळी शहाणपण केलं. टायवाल्याला म्हटलं, बाहेर चला. ट्रक जातात तिथे उभी राहिले आणि एकेक वाजवायला लावला. दोन टॅब ट्रकखाली मेले. तिसरा वाजला! मागे दोन्ही बाजूंना भोकं आहेत, त्यातून आवाज येतो. जाडा आहे, रंग बावळट, कॅमेरा टुकार. मला तोच हवा. वरचे पैसे दिले, पै-पैचा हट्ट गेला चुलीत.

टायवाला जुना घेऊन काहीबाही दाबायला लागला. "हा कोरा करून जमा करावा लागतो, मॅडम. करू?" मी म्हटलं, करा काय करायचं ते, पण आटपा, भेटायची वेळ संपतेय. फोन बदलला होता तेव्हा दुकानदाराने कार्ड काढून नव्यात घातलं होतं. सगळे नंबर आपोआप आले. मला वाटलं, तसंच.

भेटीच्या वेळेत पोचले. भोंगा म्हणाला, "शुद्धीवर आलो की पहिल्यांदा तो टॅब हातात दे. तुझं नाक मुरडलेलं बघायचंय." मी म्हटलं, देते.

घरी लेकीने नवा उघडला. बराच वेळ बोटं फिरवत बसली.

"आई, ह्यात काहीच नाहीये."

"जुन्यातलं येईल ना."

"जुना कुठाय?"

सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. दुकानात फोन लावला. टायवाला बराच वेळ बोलत होता. तिने फोन खाली ठेवला, म्हणाली, "मीच दुसरीकडे उतरवून ठेवायला हवं होतं गं." आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

रडली असेल. मला ऐकू नाही आलं.

आता दवाखान्यात सोडणार नाहीत. सकाळी आठला त्याला आत नेणार. भेट सातला, पाच मिनिटं. पाच मिनिटांत काय काय भरणार?

१७ तारीख

सातला आम्ही दारात. नर्सबाई म्हणाली, "पुढे घेतलं त्यांना. मघाशीच नेलं."

पाच मिनिटंही नाहीत!

बाकावर बसलोय. मी कसं सांगायचं त्याची तालीम करतेय. आमच्या खात्यातल्या हातांनी सांगू? तुटलेल्या धाग्याची खूण आहे, बिघडलेल्या मागाची आहे, मुकादम आला त्याची आहे. तुझा आवाज मी दुकानात देऊन आले — ह्याला खूण नाही. आणि तो उत्तर कशाने देणार? शिव्यासुद्धा गेल्या. नुसता बघेल. भोंग्याचं नुसतं बघणं मी अजून बघितलेलं नाही.

लेकीने एकदाच विचारलं, "का बदललास?"

"ऐकू येत नव्हतं," मी म्हटलं. पहिल्यांदा कुणाला तरी.

तिने माझा हात धरला. मी सोडवून घेतला. आता गोड वागू नकोस म्हटलं.

डॉक्टर येतोय. एवढ्यात कसा? दिवस लागेल म्हणाला होता.

१८ तारीख

पेटी काढलीच नाही. उघडलं, बघितलं, पुन्हा शिवलं. गाठीने मागे मोठ्या नसेला धरलंय, आता काढून उपयोग नाही. थोडे महिने हातात, डॉक्टर म्हणाला. पेशंटला दोन दिवसांनी आम्हीच सांगू, तोवर बोलू नका.

काल दुपारी भोंगा जागा झाला. ओठ हलवून बघितले. मग बोलला — घोगरं, फाटकं, पण त्याचंच.

"अगं... राहिला की आवाज!"

हसला. केवढा हसला! लेकीने चादरीआड नवा टॅब आवाज भरायला चालू केला होता.

"वाचलो बघ, तिखट. आता तो टॅब परत करून टाक. उगाच खर्च."

मी म्हटलं, करते. तुम्ही बोला.