अंगावर काहीच नव्हतं

माय, माझ्या लेकीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, तेव्हा मला कळलं की घरात माझ्यापासून काहीतरी लपवलं जातंय. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली पोरगी. ओटी भरताना दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरलेल्या, त्यामुळं ती कुठल्या खोलीत आहे आणि काय करतेय हे मला बाहेर खुर्चीत बसून कळायचं. केस विंचरतानाचा आवाज वेगळा, तांब्या उचलतानाचा वेगळा. मग दोन-चार दिवस एक नवाच आवाज सुरू झाला, बारीक, घाईघाईचा, मध्येच तुटणारा. आणि एका सकाळी तोही बंद. आत डोकावलो तर तिनं बांगड्यांवर रुमाल गुंडाळून गाठ मारलेली, आणि भिंतीकडं तोंड करून ती पोट खाजवत होती. बापाचे कान तिला ठाऊक आहेत.

तुला सांगायचंच राहिलं, या कानांवरच मी पोट भरतो. परभणीत माझं फरशीचं दुकान आहे. सुरुवात दुसऱ्याच्या हाताखाली सिमेंट कालवण्यापासून झाली. तिथल्या मिस्त्रीनं शिकवलं की बसवलेली फरशी नाण्यानं ठोकून ऐकायची. खाली माल नीट भरला नसेल तर ती पोकळ वाजते, वरून कितीही चकचकीत दिसो. मला ते पुढं पुढं नुसतं वरून चालतानाही कळायला लागलं. गिऱ्हाइकाला हसवायचं, भाव फार तोडू द्यायचा नाही आणि पोकळ वाजली की स्वतः होऊन उकरून पुन्हा बसवायची, एवढ्यावर दुकान उभं राहिलं. नवरा-बायको फरशी बघायला आले की मी बाईकडं बघून म्हणतो, "वहिनी, सारवायची कटकट गेली बघा कायमची." बाई हसते, सौदा होतो. मला मात्र दरवेळी तू दिसतेस, मनगटापर्यंत शेणात हात घातलेली. इतकी वर्षं ते चित्र माझ्या डोळ्यांपुढं होतं आणि त्याचा अर्थ मला लागला नव्हता. तो या उन्हाळ्यात लागला.

पोरीच्या पोटावर पुरळ उठलं होतं. पोट ताणून जिथं चिरा पडतात तिथं आधी लाल पुटकुळ्या, मग त्यांचे चट्टे होऊन मांड्यांपर्यंत उतरलेले. तुझी सून, जिला तू बघितलं नाहीस, तिनं कडुलिंबाचा पाला उकळून कढत पाण्यानं आंघोळ घातली, तर खाज दुप्पट झाली. शेजारणी म्हणाल्या, उष्णता आहे, धने-जिऱ्याचं पाणी द्या. दुकानात येणारा प्रत्येक जण या विषयातला जाणकार निघाला. एक जण मुलतानी माती सांगून गेला, दुसरा खोबरेल तेलात कापूर. एका म्हाताऱ्यानं पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलायला सांगितलं, तेही बोललो. पोरगी अशी की स्वतःच्या हालांवर स्वतःच हसणार. म्हणाली, "बाबा, तुमच्या दुकानातली ती खरखरीत फरशी असते ना, गाड्या लावायच्या जागी बसवतात ती, तिचा एक तुकडा आणा. अंग घासून घेते एकदाचं." मी हसलो. आणि हसता हसता मला आपल्या उंबऱ्यासमोरचा दगड आठवला, आणि त्याच्यावर मागंपुढं घासत असलेले तुझे तळपाय. का आठवला ते तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. जावई नोकरीच्या गावी, म्हणून मीच. डॉक्टरीणबाई वयानं पोरीएवढ्याच असतील. पडद्याआड तपासून झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. पहिलटकरणींना शेवटच्या आठवड्यांत असं पुरळ येतं, बाळाला त्याचा काही त्रास नसतो, बाळंतपण झालं की जातं. कढत पाणी बंद करा, गार ओलं फडकं ठेवा, सैल सुती कपडे घाला, लावायला औषध देते. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "तळहात, तळपाय खाजतात का? म्हणजे तिथं वर काही दिसत नसताना?"

पोरीनं मान हलवायच्या आत माझ्याच तोंडून गेलं, "खाजायचे."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. "कुणाचे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्या आईचे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर बाया ताटकळत बसल्या होत्या, तरी त्यांनी घाई केली नाही. मग मी सांगत गेलो, माय, आणि सांगता सांगता मला पहिल्यांदा ऐकू आलं की मी काय सांगतोय.

मी सहा-सात वर्षांचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी चुडाव्याला, आजोळी झालेलो. दुसरं सासरी करायचं म्हणून तू गावाकडं आपल्या घरीच, आजीच्या आणि अजून लग्न न झालेल्या आत्याच्या नजरेसमोर. आजोळी असतीस तर आपल्या आईच्या मांडीवर पाय टाकून मनातलं बोलली असतीस. सासरी सुनेनं चारचौघांत अंग खाजवलेलं बरं दिसत नव्हतं, म्हणून तू काम शोधत फिरायचीस. सकाळी सकाळी तू शेण कालवतेस. ओसरी सारवून होते, मग अंगण, अंगण वाळायच्या आत शेजारच्या काकूंची ओसरी. काकू नको नको म्हणतात आणि तू पोट सावरत उकिडवी बसतेसही. ओलं गार शेण हाताला लागलं की तुझा चेहरा असा सैल पडायचा, जशी काही तहान भागली. भांडी तू राखेनं घासायचीस. तांब्या निघून बाजूला ठेवलेला असायचा आणि तरी काथ्या चालूच, तळहातावर. मी अंगणात खेळता खेळता बांगड्यांवरून ओळखायचो की भांडं संपलंय आणि घासणं राहिलंय. मग पाय धुवायला म्हणून उंबऱ्यासमोरच्या दगडावर जायचीस ते किती वेळ. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, दिवस भरत आले तरी बघा कशी कामाला लागलीय. आजी ते ऐकून ताठ व्हायची.

आणि दुपारी, आजी आणि आत्या शेताकडं गेल्या की आपला तो खेळ. तू आतल्या खोलीत दाराजवळ, ज्वारीच्या पोत्यावर डोकं टेकून गुडघ्यांवर बसायचीस, तळपाय मागं उताणे. मी चौकट धरून त्यांच्यावर उभा राहायचो आणि ज्वारी मळतात तसे पाय चालवायचो. तू डोळे मिटून म्हणायचीस, "आणिक दे." मला वाटायचं, माझी माय माझ्याशी खेळतीय. कुणाला सांगायचं नाही असं तू म्हणाली होतीस, ते मला खेळाच्या नियमासारखंच वाटलं.

मग ती सकाळ. दार आतून लावलेलं आणि मी बाहेर पायरीवर. घंगाळं सरकल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, सुईण काहीतरी बोलली ते आलं, मग बांगड्या एकदा वाजल्या. एवढं सगळं ऐकू आलं आणि ज्याच्यासाठी मी बसलो होतो ते रडणं आलंच नाही. मुलगी होती. दिवस पुरे भरलेली, केस भरपूर असलेली, असं सुईण कुणाला तरी हळू सांगत होती, तेही मी ऐकलं. त्यानंतर आजीनं बोलायला सुरुवात केली. हिला कुणी सांगितलं होतं नवव्या महिन्यात गावभर सारवायला, ओणवं राहून राहून पोरीला चेंगरलं, कामाची एवढी हाव कशाला. ज्या बाया कौतुक करायच्या त्याच आता मान हलवायच्या. तू कुणाला उलटून बोलली नाहीस. एकदा मला न्हाऊ घालताना, माझ्याकडं न बघता म्हणालीस, "माझ्याच हातानं गेली रे." तुला तेच खरं वाटत होतं. दोन पावसाळे गेले आणि साध्या तापाचं निमित्त होऊन तूही गेलीस, तेच खरं धरून.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की अंगावर काही न उठता तळहात-तळपाय खाजणं हा वेगळा आजार असतो. दिवस गेलेले असताना काही जणींचं पित्त यकृतात अडतं आणि रक्तात उतरतं. खाज आईला होते, धोका बाळाला असतो, आणि बाळ शेवटच्या दिवसांत, वरून काही कळायच्या आत जाऊ शकतं. आता रक्त तपासतात, औषध देतात, गरज पडली तर बाळंतपण लवकर करतात. आईला बघितल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. मी एकच विचारलं, "सारवल्यानं होतं का हो हे?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कामानं होत नाही. त्यांना गार वाटत असेल म्हणून करत असतील."

माय, एवढं सांगण्यासाठी मी हा कागद घेतला. तुझ्या हातानं काही झालं नव्हतं. तुझे हात खाजत होते, बस.

खात्री म्हणून त्यांनी पोरीचंही रक्त काढलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. तो दिवस मी दुकानात कसा काढला ते मलाच माहीत. गिऱ्हाइकाला पांढरी म्हणून पिवळट फरशी दाखवली. घरी दर तासाला फोन करून बाळ हलतंय का विचारलं, तेव्हा पोरगी म्हणाली, "बाबा, ते हलायलंय, पण तुमच्या फोनच्या आवाजानं हलायलंय." रिपोर्ट चांगला आला. यकृत बरोबर, बाळ बरोबर. तिचं ते नुसतं पुरळच होतं. सगळ्यांना दिसणारं, ज्याच्यावर प्रत्येकाकडं एक औषध होतं. तिचे चट्टे बघून कुणी तिला नाटकं करू नको म्हटलं नाही.

मग मी बोरीला आत्याकडं गेलो. लग्न होऊन ती तिथंच, आता पार वाकलीय. आपल्या त्या घरातली तीच एक उरलीय. का गेलो ते धड सांगता येणार नाही. बहुतेक कुणीतरी एकानं तरी तुझं नाव काढून चुकलो म्हणावं असं वाटत होतं. विषय निघाल्यावर तिनं जुनंच सुरू केलं, "लय कामाची बाई. पर अती केलं रे तिनं." मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं, सावकाश. ती बाजेवर बसून आपलेच तळहात उलटेपालटे करून बघत राहिली.

"एकडाव तिनं मला हात दाखवले व्हते," ती म्हणाली. "म्हणली, बघ गं, लय खाजायलेत. मी उजेडात नेऊन बघितले. काईच नव्हतं वर. म्हणलं, वैनी, काईच तर न्हाई."

"मग?"

"मंग काय. हासली अन् गेली शेण कालवायला." मग म्हणाली, "खरंच नव्हतं रे काई हातावर."

भांडायला गेलेला मी, तिच्याजवळ बाजेवर बसलो. म्हटलं, "आत्या, दिसलं असतं तरी तुला काय कळलं असतं." पण माय, परत येताना सगळ्या रस्त्यानं मला तेच दिसत होतं. तू बोललीस. एकदा, एकाच माणसाला, पण बोललीस. उजेडात हात पुढं केलेस. आणि हात स्वच्छ निघाले.

पोरीला मुलगी झाली. दार बंद होतं आणि मी बाहेर, या वयात, भिंतीला हात लावून उभा. आतून भांड्यांचा आवाज आला, चपलांचा आला, आणि मग ती रडली. नर्स हसून म्हणाली, "आजोबा, आवाज मोठा आहे हं." मी म्हटलं, असू द्या, रडू द्या. सगळ्यांना वाटलं आनंदानं माझे डोळे भरले. आनंद होताच. पण मी दोन रडणी ऐकायला उभा होतो आणि एकच आलं. हे मी तिथं कुणाला सांगणार?

आठवडाभरात पोरीचे चट्टे विरत आले. बांगड्यांवरचा रुमाल सुटला. आता पाळण्याच्या दोरीबरोबर त्या वाजतात आणि मी दुकानाला जायला उशीर करतो. पोरीला मी तुझ्याबद्दल दवाखान्यात जेवढं बोललो तेवढंच, पुढं नाही. बाळंतिणीला कशाला. हा कागद फरशीच्या नमुन्यांच्या पेटीत ठेवीन, तिथं घरातलं कुणी हात घालत नाही.

एक राहिलं. तू पोत्यावर डोकं टेकून "आणिक दे" म्हणायचीस आणि मी म्हणायचो, "दिला की सगळा भार." दिला नव्हता, माय. तुझे पाय दुखतील म्हणून मी चौकटीला लोंबकळत होतो.