ढब्बूची पहिली शिवी

४ नोव्हेंबर, सोमवार

आयला!

हा शब्द माझा नाही. माझ्या पोराचा आहे. अजून दोन वर्षांचासुद्धा नाही, तोंडात मोजून आठ दात, आणि त्या दातांमधून शिवी!

झालं असं — जेवताना ढब्बूच्या हातून चमचा पडला. सासूबाई म्हणाल्या, "उचल बाळा, आईला दे." त्याने उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला — आयला! आतापर्यंत बाबा, भू-भू, नको आणि पंखा एवढ्यावर त्याचा संसार चालला होता. पाण्यालासुद्धा पंखाच म्हणतो. हा शब्द मात्र एकदम काना-मात्रेसकट शुद्ध!

मी हसू दाबलं. सासूबाईंना दाबावं लागलं नाही, कारण त्यांना आलंच नाही. "शिवी दिली याने! भरल्या ताटावर!" मग आम्ही दोघींनी एकदमच नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून जेवत होता. मान वर करून म्हणतो कसा — "आयला, मी काय केलं?"

गुन्हेगार मुद्देमालासह सापडला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नवऱ्याची बाजू नोंदवून ठेवते, नंतर अन्याय झाला म्हणायला नको. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत माणसं बोंबलतायत, वर साहेब बोंबलतोय — अशा वेळी तोंडून स्तोत्र निघत नाही. मान्य. पण घरात? रिमोट सापडला नाही तरी आयला, सापडला तरी आयला. दूध उतू गेलं की आयला, आणि नाही गेलं तर आश्चर्याने आयला!

सासूबाईंनी निकाल दिला. आजपासून या घरात तो शब्द बंद. त्याच्या जागी 'अगंबाई'. हा त्यांचा स्वतःचा शब्द, वर्षानुवर्षं वापरलेला, एकदाही कोणाला लागलेला नाही.

"मी? अगंबाई?"

"हो. तू."

"आई, माझी पोरं काय म्हणतील कामावर!"

"तुझं पोर काय म्हणतंय ते आधी बघ."

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाळणाघराच्या बाईंनी मला फाटकातच गाठलं. मी लॅबमधून तशीच धावत आलेली. दिवसभर कवळ्या बनवते, नखांत अजून गुलाबी मेण होतं. "जरा बोलायचं होतं," म्हणाल्या. या वाक्यापुढे आजवर कधी काही चांगलं आलेलं नाही.

तर ढब्बू तिथेही सुरू झालाय. दाराची बेल वाजली की खिडकीकडे पळतो आणि ओरडतो. कुणाचे आईवडील येवोत, कुरिअरवाला येवो — आयला! एवढंच असतं तर ठीक होतं. आता सगळी पिल्लावळ ओरडते. आम्ही बोलत असतानाच कुणाचे तरी आजोबा आले, बेल वाजवली, आणि आतून कोरस — आयलाऽऽ! आजोबा दोन पायऱ्या उतरले आणि पाटी पुन्हा वाचून आले.

मला हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या. "दोन पालकांच्या तक्रारी आल्यात. सवय सुटतेय का बघा, नाहीतर तुम्हाला दुसरीकडे सोय करावी लागेल."

दुसरीकडे म्हणजे कुठे? लॅबजवळ संध्याकाळपर्यंत मूल ठेवून घेणारं हे एकच पाळणाघर. सासूबाईंचे गुडघे त्याच्यामागे पळण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. हे गेलं की माझी नोकरी गेली. एका शब्दापायी!

९ नोव्हेंबर, शनिवार

नवरा तोंड पाडून आला. आज लिफ्टच्या दारात बोट चेमटलं आणि अख्ख्या टोळीसमोर तोंडून 'अगंबाई!' निघालं. तिथे आता त्याला वहिनी म्हणतात.

१० नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांना फोन केला होता. त्यांचं म्हणणं, "लक्ष देऊ नका. मजा येईनाशी झाली की आपोआप सोडेल." वा! फुकटचा उपाय आणि सोपा.

सोपा कसला! ढब्बू म्हणाला, आयला. मी भिंतीकडे पाहिलं. तो भिंत आणि माझ्यामध्ये येऊन उभा राहिला. आयला. मी छताकडे पाहिलं. मग हा पठ्ठ्या सोफ्यावर चढला, दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि नाकाला नाक लावून म्हणाला — आयला! डोळे मिटले मी. तर भोकाड पसरलं! असं रडला, असं रडला की डॉक्टरांचा राग आला. शिवी देणारा तो, आणि रडणारा पण तोच.

"हट्टी आहे. बापावर गेलाय," सासूबाई म्हणाल्या. बाप म्हणाला, "अगंबाई." सवय लागतेय त्याला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

सासूबाईंनी ढब्बूला नवा खेळ शिकवलाय. 'बाबा कुठे गेले?' म्हटलं की तो घरभर शोधतो आणि बापाला पँट धरून ओढत आणतो. काय ऐट असते चेहऱ्यावर! हरवलेला माणूस पोलिसांनी घरपोच करावा तशी. मी म्हटलं, आता माझी पाळी. पडद्यामागे लपले. पाय बाहेर दिसतील असे ठेवले, उगाच अवघड नको.

"आई कुठे गेली?" नवऱ्याने विचारलं.

ढब्बू पडद्यासमोरून गेला. माझे पाय बघितले असणार, पायावरून गाडीच फिरवली त्याने! आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन सासूबाईंना बोटाला धरून घेऊन आला. वर म्हणाला — आई.

स्पष्ट. पहिल्यांदा. आणि मला नाही.

सासूबाईच बिचाऱ्या ओशाळल्या. "अगं, तुम्ही दोघं दिवसभर मला आई, आई करता. ते ऐकून म्हणतो तो. त्याला काय कळतंय!" खरं आहे त्यांचं. मी त्याला समोर बसवून 'म्हण, आ-ई' शिकवायला लागले की स्वयंपाकघरातून आवाज येतो — "ओ! काय गं?"

सगळे हसले, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. वाईट वाटलं. खूप वाटलं. या घरात पंख्याला नाव आहे, कुत्र्याला नाव आहे, मला नाही. माझ्या वाट्याला फक्त शिव्या.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाईंना सक्त ताकीद — मी शिकवत असताना ओ द्यायची नाही. त्यांनी तोंडावर हात ठेवून होकार दिला. शिकवणी सुरू झाली. "म्हण, आ-ई." आतून — "ओ!" आणि लगेच, "अगंबाई, चुकलं!"

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं घर माझ्या बाजूने कामाला लागलंय. आईला बॉल दे. आईला पापा दे. आईला दाखव तुझी गाडी. तो सगळं देतो, सगळं दाखवतो, पापा तर लाळेसकट देतो. फक्त आई म्हणत नाही. आणि प्रत्येक गोष्टीसोबत ती ठेवणीतली शिवी आहेच.

सकाळी पाळणाघरात सोडताना बाई त्याला म्हणाल्या, "चला, आईला टाटा करा." त्याने हात हलवला आणि भरल्या फाटकात ओरडला — आयलाऽऽ! चार पालक वळून माझ्याकडे बघायला लागले. मी शेजारच्या मुलाकडे रागाने पाहिलं. दुसरं काय करणार!

बाई म्हणाल्या, सोमवारी शेवटचं बोलू. शेवटचं!

१७ नोव्हेंबर, रविवार

हसून हसून पोट दुखतंय, आधी लिहून टाकते.

सकाळीच नवऱ्याला फोन. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकलीय, आत एक बाई आणि तिचं कपाट. हा बूट घालून तयार, आणि लिफ्टचं दार उघडायची किल्ली गायब! उशा उलट्या झाल्या, सोफ्याच्या फटी चाचपून झाल्या, ढब्बूचा खेळण्यांचा डबा पालथा झाला. "अगंबाई, इथेच तर होती... अगंबाई, आत्ता तर..." बारा दिवसांचं व्रत होतं, पण माणूस किती टिकणार? हॉलच्या मधोमध उभा राहून बोंबललाच —

"आयला! कुठे गेली?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

मी आत भांडी घासत होते. धपधप पावलं आली. ढब्बू! आला, माझं साबणाने भरलेलं बोट पकडलं आणि लागला ओढायला. मी फेसाचे थेंब गाळत त्याच्यामागे हॉलमध्ये. बापासमोर मला उभं केलं, तीच पोलिसांची ऐट, आणि जाहीर केलं — आयला!

"अरे, मी किल्ली मागितली, हा तुला घेऊन आला!" नवरा म्हणाला आणि आम्ही तिघं जे हसत सुटलो! आमचं बघून ढब्बूही टाळ्या पिटायला लागला. किल्ली नवऱ्याच्या बुटातच निघाली. पायाला टोचत होती म्हणे, त्याला वाटलं खडा आहे! लंगडत गेला बिचारा कपाटवाल्या बाईंना सोडवायला.

१७ नोव्हेंबर, पुन्हा

उरलेली भांडी घासायला गेले आणि हात थांबले.

'आई' म्हटलं की या घरात ओ देतात त्या सासूबाई. आणि मी?

आईला दे. आईला दाखव. आईला टाटा कर.

आईला.

म्हणजे बेल वाजली की खिडकीकडे पळत होता तो...

हात तसेच ओले घेऊन बाहेर गेले. ढब्बू गाडीचं चाक बसवत होता, माझ्याकडे पाठ करून. जमेना, तेव्हा वर न बघताच गाडी मागे माझ्याकडे धरली.

"आयला."

"ओ," मी म्हटलं.